कपूरांची बायको, कपूरांची आई, कपूरांची आजेसासू

वैजापूरच्या एस.टी. स्टँडवर चहा घेता घेता दुर्गा खोटे हे नाव काढून बघा. सत्तरी ओलांडलेले आजोबा लगेच म्हणतील, "मुगल-ए-आझममधली जोधाबाई!" त्यांचा धाकटा भाऊ म्हणेल, "बॉबीची आजी नव्हती का ती?" पन्नाशीतल्या भाच्याला 'कर्ज'मधली म्हातारी आई आठवेल. विशीतला नातू मोबाइलमधून डोकं वर काढून "कोण?" म्हणेल आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा खाली घालेल.

पहिल्या तिघांचंही बरोबर आहे. फक्त तिघांनीही पिक्चर इंटरव्हलनंतर पाहिलाय. जोधाबाई पडद्यावर आल्या तेव्हा दुर्गाबाई पंचावन्न वर्षांच्या होत्या. तोवर त्यांनी चित्ता बाळगून झाला होता, भर समुद्रात जहाजं लुटून झाली होती, रामाची सीता होऊन झाली होती आणि रामाला वनवासाला धाडूनही झालं होतं. आणि हे उद्योग करणाऱ्या बाई कुठल्या, तर गिरगावातल्या कांदेवाडीच्या. लाडांच्या खटल्याच्या घरात वाढलेल्या, वडील सॉलिसिटर, शाळा कॅथेड्रल, कॉलेज सेंट झेवियर्स. जन्म १४ जानेवारी १९०५ चा. त्यांच्या कारकिर्दीतले हे काही मासले.

पहिल्या तारामतीचं नाव अण्णा

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामती करायला एकही बाई तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसून उभे राहिले. ह्याच अण्णांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता अशी दोन्ही कामं केली. नवराबायकोचं इतकं एकमत नंतर कुठल्याच रामायणात दिसलं नाही.

त्या तारामतीनंतर एकोणीस वर्षांनी हरिश्चंद्र पुन्हा आला, ह्या वेळी बोलत आणि गात. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा', साल १९३२, दिग्दर्शक व्ही. शांताराम. मराठीतला हा पहिला बोलपट. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे, म्हणजे बालगंधर्वांच्या काळातला संगीताचा पट्टीचा माणूस, आणि चित्रपटाचं संगीतही त्यांचंच. तारामती दुर्गा खोटे. गिरगावातल्या ज्या मॅजेस्टिक थिएटरात वर्षभर आधी 'आलम आरा' लागला होता तिथंच हाही लागला. बाईंच्या माहेरच्या दारातून चालत जावं इतकं ते जवळ.

प्लेबॅक नावाची सोय तेव्हा नव्हती. ज्यानं तोंड हलवायचं त्यानंच गायचं, तेही कॅमेऱ्यासमोर, शॉट चालू असताना. दुर्गाबाईंची गाणी दुर्गाबाईंनीच म्हटली आहेत. शिवाय हा चित्रपट मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत केलेला. डबिंग नव्हतंच, त्यामुळे पोराच्या वियोगाचं रडणं एकदा मराठीत रडायचं, डोळे पुसायचे, आणि मग पुन्हा हिंदीत रडायचं.

'आलम आरा'ची एकही प्रत आज उरलेली नाही. 'अयोध्येचा राजा' मात्र टिकून आहे. त्यामुळे आजच्या माणसाला बोलपटाच्या बालपणात डोकावायचं असेल तर दुर्गाबाईंच्या तारामतीला गाठावंच लागतं.

(आपल्याकडचं म्हणाल तर तेव्हा वैजापूर निजामाच्या राज्यात आणि शेजारचं येवला इंग्रजी मुलखात. राजे वेगळे, नाणी वेगळी, पण हरिश्चंद्राचं आख्यान दोन्हीकडे तेच. हे येवलं लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.)

त्याआधीची फजिती

तारामती ही त्यांची पहिली भूमिका नव्हे. पहिली होती १९३१ च्या 'फरेबी जाल'मधली, अगदी छोटीशी. विचारणा खरी आली होती बहीण शालिनीला. तिनं स्वतः नाही म्हटलं आणि दुर्गाबाईंचं नाव पुढं केलं. सासरची श्रीमंती तोवर ओसरली होती, पदरात बकुल आणि हरिन ही दोन मुलं, घर चालवायला शिकवण्या सुरू होत्या. काम छोटं, पैसे रोख. बाईंनी होकार दिला.

पिक्चर निघाला सुमार. बोभाटा मात्र असा झाला की विचारू नका. लाडांची लेक आणि खोट्यांची सून सिनेमात! तेव्हा सिनेमात बाईनं जाणं म्हणजे घराण्याची अब्रू वेशीला टांगणं अशी समजूत. एखादी असती तर पुन्हा स्टुडिओचं तोंड पाहिलं नसतं. पण तोच पडेल पिक्चर शांतारामांच्या नजरेस पडला आणि त्यांना त्यात आपली तारामती दिसली. पडेल पिक्चरनं एवढं भलं दुसऱ्या कुणाचं केलं असेल, मला शंका आहे.

राणीसाहेब आणि त्यांचा चित्ता

ज्यांच्या घरी नवनाथ भक्तिसाराचं पारायण होतं त्यांना किलोतळेची ओळख करून द्यायला नको. स्त्रीराज्याची राणी, जिच्या मायेत मच्छिंद्रनाथ गुंतले आणि त्यांना सोडवायला गोरखनाथांना जावं लागलं. 'अयोध्येचा राजा'च्याच वर्षी प्रभातनं 'माया मच्छिंद्र' काढला. मच्छिंद्र पुन्हा गोविंदराव टेंबे, गोरख मास्टर विनायक, आणि राणी आपल्या बाई. काही महिन्यांपूर्वी काशीच्या बाजारात विकली गेलेली सोशिक तारामती आता पुरुषांना हुकूम सोडत होती, आणि बाजूला पाळलेला चित्ता. चित्रातला नाही, खराखुरा.

मला ह्यात चित्त्यापेक्षा शांतारामांच्या डोक्याचं कौतुक वाटतं. एका नटीला सोशिक सतीच्या भूमिकेत लोकांनी डोक्यावर घेतलं की पुढची दहा वर्षं तिला सतीच करायला लावायचं, हा आपल्या सिनेमाचा आवडता खाक्या. इथं सती उठली आणि थेट सिंहासनावर बसली.

आणि सिंहासनावरून जहाजावर. १९३६ चा 'अमरज्योती', प्रभात तोवर पुण्याला आलेली. दुर्गाबाई झाल्या सौदामिनी. राज्याच्या कायद्यानं तिच्याकडून तिचं मूल हिरावून घेतलं म्हणून ती बंड करते, समुद्री चाच्यांची म्होरकी होते, आणि ज्या न्यायमंत्र्यानं तो न्याय केला त्यालाच जहाजावर पकडून आणते. न्यायमंत्री म्हणजे चंद्रमोहन, मोठ्या घाऱ्या डोळ्यांचे. बाईला गुलाम समजणाऱ्या समाजाशी दोन हात करायला निघालेली बाई, तीही तलवार घेऊन, १९३६ साली! आज एखाद्या वेब सीरिजनं हे केलं तर पोस्टरवर 'धाडसी' लिहून येईल. 'अमरज्योती' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. बाईंना व्हेनिसचं अप्रूप नव्हतं. त्याआधी १९३४ चा त्यांचा 'सीता' तिथं जाऊन आला होता.

आता वंशावळ काढू या

'सीता'पाशी आलोच आहोत तर जरा थांबू या, कारण खरी गंमत इथून सुरू होते. लग्नकार्यात एखादी आत्या असते, जिचं वराकडूनही नातं लागतं आणि वधूकडूनही. हिंदी सिनेमाच्या कपूर खानदानात दुर्गाबाईंचं तसं आहे.

कलकत्त्याच्या ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा 'सीता', दिग्दर्शक देवकी बोस. सीता दुर्गाबाई, राम पृथ्वीराज कपूर. ह्या राम-सीतेचा लव कोण झाला होता? त्रिलोक कपूर, म्हणजे पृथ्वीराजांचा सख्खा धाकटा भाऊ. घरातला दीर पडद्यावर लेक झाला.

मग काळ लोटला. १९६० साली के. आसिफ यांचा 'मुगल-ए-आझम' आला. अकबर पृथ्वीराज कपूर, जोधाबाई दुर्गा खोटे. राम-सीता होऊन सव्वीस वर्षं झाली होती, आणि जोडी तीच. चौदा वर्षांचा वनवास संपून वर बारा वर्षं झाली म्हणा ना. आता दोघांच्याही शरीरावर वय उतरलेलं, आवाजाला वजन आलेलं. पुन्हा बघाल तेव्हा दोघांचे एकत्र प्रसंग जरा निरखून बघा. पृथ्वीराज छातीतून गर्जना करतात, एकेक शब्द दगडी पायरीसारखा खाली ठेवतात. दुर्गाबाई आवाज चढवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. मान किंचित वळवतात, क्षणभर गप्प राहतात, मग बोलतात. एका बाजूला नवरा बादशहा, दुसऱ्या बाजूला हट्टी मुलगा, आणि दोघांच्या मधे ही बाई. घरोघरच्या आयांना हा पेच तोंडपाठ असतो, म्हणून शिशमहालापेक्षा जोधाबाईच लक्षात राहिली असं सांगणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६३ मध्ये, त्या शशी कपूरची आई झाल्या. चित्रपट 'द हाउसहोल्डर', इस्माईल मर्चंट आणि जेम्स आयव्हरी ह्या पुढे जगभर गाजलेल्या जोडीचा पहिला कथापट. दिल्लीतला एक नवखा मास्तर, त्याची नवी नवरी लीला नायडू, आणि त्यांच्या संसारात मुक्कामाला आलेली आई. आई येते, घरात धुसफूस सुरू होते, सून माहेर गाठते. सासूबाईंचं असं येणं कुठल्या गावात नवीन आहे? हा चित्रपटही इंग्रजी आणि हिंदी असा दोनदा केलेला. म्हणजे 'अयोध्येचा राजा'ची सवय एकतीस वर्षांनी कामी आली.

पुढचं पान १९७३ चं. राज कपूरचा 'बॉबी'. ऋषी कपूर नायक, डिंपल नायिका, आणि मिसेस ब्रॅगँझा म्हणजे बॉबीची आजी, आपल्या बाई. ही आजी आधी त्या श्रीमंत घरात ऋषीला सांभाळायला असते. म्हणजे लहानपणी त्याची दाई, आणि पोरापोरींचं जमल्यावर त्याची होणारी आजेसासू! गिरगावच्या लाडांची लेक फ्रॉक घालून गोवेकरीण होते, आणि कुठंही सोंग वाटत नाही. लाडांचं मूळही गोव्याकडचंच.

थांबा, अजून संपलं नाही. १९८० चा 'कर्ज'. सुभाष घई, पुनर्जन्म, गिटार, सगळं ठाऊक आहे तुम्हाला. रवी वर्माचा खून होतो आणि तो मॉन्टी होऊन जन्माला येतो. मॉन्टी म्हणजे ऋषी कपूर. रवीची आई कोण? बरोबर. त्यामुळे दुर्गाबाई ऋषी कपूरच्या गेल्या जन्मीच्या आई ठरतात. आजोबांची बायको, काकांची आई, आपली आजेसासू आणि वर गेल्या जन्मीची आई. भाटाला बोलावलं तरी ही वंशावळ त्याच्या वहीत बसायची नाही.

कांदेवाडीची कैकेयी, येवल्याची मंथरा

मघाशी येवलं लक्षात ठेवायला सांगितलं होतं. वैजापूरहून एस.टी.नं तासाभराचं अंतर. तिथं १८ एप्रिल १९१६ रोजी अंबा सगुण नावाची मुलगी जन्मली. तिचे वडील रेशीम-सुताच्या व्यापारातले. पैठणीच्या गावात दुसरं काय असणार! ही अंबा म्हणजे ललिता पवार. मूकपटात बालनटी म्हणून आल्या, नायिका झाल्या, गायल्या, निर्मातीही झाल्या. १९४२ साली एका शूटिंगमध्ये भगवानदादांच्या हातची थप्पड जरा जास्तच जोरात बसली. चेहरा लुळा पडला, उपचारांत वर्षं गेली, आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. त्या बारीक डोळ्याच्या जिवावर त्यांनी पुढे सबंध देशातल्या सुनांची झोप उडवली.

आता ह्या दोघींच्या पत्रिका जुळवून बघा. १९३४ मध्ये सीता झालेल्या दुर्गाबाई १९४२ मध्ये विजय भट्टांच्या 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी झाल्या. सीता होत्या शोभना समर्थ. आठ वर्षांपूर्वी ज्या वनवासापायी स्वतः रडलो तो आता स्वतःच मागून घ्यायचा! आणि ललिताबाई? १९६१ च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये मंथरा, आणि १९८७ मध्ये रामानंद सागरांच्या 'रामायण'मध्ये परत मंथरा. रविवारी सकाळी ज्यांच्या घरी टीव्ही होता तिथं सगळी गल्ली गोळा व्हायची, ते हेच रामायण. चित्रपट वेगळे, साल वेगळं, पण कान फुंकणारी येवल्याची आणि हट्ट धरणारी कांदेवाडीची. रामाला वनवासाला पाठवण्याचं कंत्राट मराठी बायकांनीच घेतलं होतं की काय!

एवढ्यावर भागत नाही. 'ध'चा 'मा' करणारी म्हणून जिच्यावर बोट ठेवलं जातं ती राघोबादादांची आनंदीबाईही ह्या दोघींनी वाटून घेतली. ललिता पवार पडद्यावर, प्रभातच्या १९४४ च्या 'रामशास्त्री'त. दुर्गा खोटे रंगभूमीवर, कृ. प्र. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त. दोघी एकाच चित्रपटात हव्या असतील तर १९७१ चा 'आनंद' लावा. मेट्रन डिसा ललिताबाई, आणि भास्करच्या रेणूची आई दुर्गाबाई. लिंफोसार्कोमाच्या रडारडीत हे निसटून जातं खरं.

आणि रंगभूमी?

सिनेमावाल्या बाई नाटकात आल्या की लोक पहिला अंक चेहरा बघतात आणि दुसऱ्यात चुळबुळ करतात. दुर्गाबाईंचं तसं झालं नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत मराठी नाटकाचा पाया घातला. त्याला शंभर वर्षं झाल्याचा उत्सव झाला आणि बोलपटांमुळे निपचित पडलेल्या मराठी नाटकात पुन्हा धुगधुगी आली. मुंबईत ह्या कामी पुढे होता मुंबई मराठी साहित्य संघ आणि त्याचे डॉ. अ. ना. भालेराव. साहित्य संघ गिरगावातच, केळेवाडीत. दुर्गाबाईंना पुन्हा फार लांब जावं लागलं नाही.

'भाऊबंदकी'त नानासाहेब फाटक राघोबा आणि दुर्गाबाई आनंदीबाई. हे नाटक १९०९ चं. तेव्हा त्यातल्या बायकाही पुरुषच करायचे. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये हीच रीत होती. तिथं मेडीआ असो की अँटिगनी, मुखवट्यामागे पुरुषच. पुढे त्याच ग्रीसनं कातिना पाक्सिनू नावाची नटी दिली, जिनं शोकांतिकांत नाव काढलं आणि हॉलिवूडला जाऊन ऑस्करही आणलं. आपल्याकडचा हिशेब मांडायचा तर साळुंक्यांच्या तारामतीनंतर दुर्गाबाईंची तारामती, आणि पुरुष आनंदीबाईंनंतर दुर्गाबाईंची आनंदीबाई. दोन्हीकडे लुगडं अखेर हक्काच्या मालकिणीकडे आलं. १९५४ मध्ये दिल्लीला राष्ट्रीय नाट्यमहोत्सव भरला तेव्हा साहित्य संघानं तिथं नेलं ते 'भाऊबंदकी'च.

मग वि. वा. शिरवाडकरांचा 'राजमुकुट'. शेक्सपिअरचा 'मॅकबेथ' मराठीत आणलेला. दिग्दर्शनाला इंग्रज गृहस्थ, हर्बर्ट मार्शल. मॅकबेथच्या जागी नानासाहेब फाटक, लेडी मॅकबेथच्या जागी दुर्गाबाई. नवऱ्याला राज्यासाठी खुनाला उद्युक्त करणारी बाई! आता मागचं सगळं एका ओळीत लावा: किलोतळा, कैकेयी, आनंदीबाई, लेडी मॅकबेथ. त्यात सोहराब मोदींच्या १९४३ च्या 'पृथ्वीवल्लभ'मधली मृणालवती घाला. ती कैदेतल्या राजा मुंजाला नमवायला जाते आणि स्वतःच त्याच्या प्रेमात पडते. सोशिक आई म्हणून जिला आपण ओळखतो, तिच्या उमेदीच्या वर्षांतल्या बायका अशा आहेत. सत्तेजवळ बसलेल्या, डोकं चालवणाऱ्या, आणि त्याची किंमत मोजणाऱ्या. माझ्या मते दुर्गाबाईंचं खरं घराणं हे, कपूरांचं नव्हे. हिंदी सिनेमानं त्यांच्या हातात आरतीचं ताट फार लवकर दिलं. मराठी रंगभूमीनं तलवार काढून घेतली नाही.

'कौंतेय', 'वैजयंती', 'कीचकवध', 'शोभेचा पंखा', 'पतंगाची दोरी', 'संशयकल्लोळ' ही त्यांनी केलेल्या नाटकांपैकी आणखी काही नावं. दिवसा स्टुडिओ, रात्री नाटक, आणि मधे तालमी. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५८ मध्ये मिळाला, पद्मश्री १९६८ मध्ये, दादासाहेब फाळके पुरस्कार १९८३ चा. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा.

पगारी नोकरी नको

तिशीच्या दशकात नट-नट्या स्टुडिओच्या महिन्याच्या पगारावर असत. करार झाला की तुम्ही कंपनीचे. दुसरीकडे काम करायचं नाही. दुर्गाबाईंनी हे जोखड फार दिवस मानेवर ठेवलं नाही. कोल्हापुरात प्रभात, कलकत्त्यात देवकी बोस, मग मुंबईत जिथं चांगलं काम असेल तिथं. आज ज्याला फ्रीलान्स म्हणतात ते त्यांनी तेव्हा करून दाखवलं, आणि तेही दोन मुलांची जबाबदारी एकटीच्या अंगावर असताना. १९३७ च्या 'साथी'च्या वेळी त्या निर्मितीतही उतरल्या.

आणखी एक गोष्ट, जी नट्यांच्या बाबतीत क्वचित घडते. आईच्या भूमिकेला त्या घाबरल्या नाहीत. आचार्य अत्र्यांच्या १९४१ च्या 'पायाची दासी'त वनमाला सून आणि दुर्गाबाई खाष्ट सासू. वय किती, तर छत्तीस! त्या वयाच्या नट्या तेव्हाही आणि आताही कॉलेजच्या मुलीचं काम मागतात. बाईंनी पदर डोक्यावर घेतला, सासुरवास केला, आणि त्यापुढे चाळीस वर्षं कामाची ददात पडू दिली नाही. १९७३ हे एकच वर्ष घ्या: 'बॉबी'त डिंपलची आजी, 'अभिमान'मध्ये अमिताभची मावशी, 'नमक हराम'मध्ये राजेश खन्नाची आई. वय अडुसष्ट. पुढच्या वर्षी 'बिदाई' आला आणि सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर घेऊन गेला.

सून वरचढ

धाकटा मुलगा हरिन याची बायको विजया. पूर्वाश्रमीची जयवंत, त्या काळात विजया खोटे. हरिन अकाली गेले. पुढे ही सून विजया मेहता म्हणून ओळखली गेली. 'रंगायन' काढणाऱ्या, मराठी प्रायोगिक रंगभूमीला वळण लावणाऱ्या, अभिनेत्यांच्या दोन पिढ्या घडवणाऱ्या बाई त्या ह्याच. सासू खाडिलकरांची आनंदीबाई करणारी, सून नव्या नाटककारांना रंगमंचावर आणणारी. पडद्यावर शेकडो सुनांना छळलं असेल-नसेल, घरात मात्र रंगभूमीचा वारसा सुनेकडे गेला. हे सगळं आणि बरंच काही दुर्गाबाईंनी 'मी, दुर्गा खोटे' ह्या आत्मचरित्रात सांगितलंय. शांता गोखल्यांनी ते इंग्रजीत नेलं. जुन्या वाचनालयात मिळालं तर सोडू नका, स्वतःचं कौतुक त्यात बेताचंच आहे.

जाता जाता वागळे

पन्नाशीच्या दशकात दुर्गाबाईंनी लघुपट आणि जाहिरातपट काढायचा व्यवसाय सुरू केला. पुढे तो दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स ह्या नावानं वाढला. नटी आणि व्यवसाय म्हटलं की लोकांना बुडालेलं थिएटर आणि सावकाराचा तगादा आठवतो. इथं उलट झालं, कंपनी तीस वर्षांहून जास्त चालली.

ह्या कंपनीचं एक काम तुम्ही पाहिलेलं आहे आणि तुम्हाला पत्ताही नाही. १९८८ साली दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' लागायची. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला साधा कारकून, दिग्दर्शक कुंदन शाह, वागळे अंजन श्रीवास्तव, मिसेस वागळे भारती आचरेकर. छताच्या अँटेनाला कुणीतरी वर चढून फिरवायचं आणि खालून "आलं, आलं, आता हलवू नको" असं ओरडायचं, त्या दिवसांतली मालिका. निर्मिती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची.

तिच्यातल्या एका भागात वागळेंना रस्त्यात एक गाडी धडक देते. गाडी चालवणारा तरुण तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नव्हता. केस कपाळावर, बोलणं भरभर, दिल्लीचा. नाव शाहरुख खान.